पहिल्या चमकेला शून्य

इर्मा कालेन्स तापट बाई होती असं बेल्जियममधल्या इझेगेममध्ये आजही सांगतात. सांगणारे बहुतेक तिच्या हातच्या लुकन वाफल्या खाऊन वाढलेले, म्हणून आवाज जरा खाली ठेवून सांगतात एवढंच. खरं विचाराल तर ती तापट नव्हती. अठ्ठावन्न वर्षांत ती धड अशी एकदाच भडकली. पण त्या भडकण्याला अकरा वर्षांचं जळण होतं, आणि ते ज्यांनी रचून ठेवलं त्यांना तिच्या स्वभावावर बोलायचा काडीचा हक्क नाही.

बाई कामाला ब्रशच्या कारखान्यात. इझेगेममध्ये अर्धं गाव ब्रश करतं आणि अर्धं बूट शिवतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. इर्मा तपासणीच्या टेबलावर बसायची. समोरून ब्रश सरकत जायचे, आणि एखाद्यात केसांचा एक झुपका जरी कमी असला तरी तिचा हात आपोआप तिकडे जायचा. एकोणतीस वर्षांत तिच्या टेबलावरून गेलेला माल कधी परत आला नाही असं मुकादम स्वतः सांगायचा, आणि मुकादम काही कुणाचं कौतुक करणाऱ्यांतला नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे याच बाईच्या नजरेवर शिकल्यासवरल्या लोकांनी शंका घेतली आहे.

नवरा जेरोम कबुतरवाला. शर्यतीची कबुतरं पाळायची, दर आठवड्याला ती टोपलीत घालून फ्रान्सला धाडायची आणि ती उडत परत येईपर्यंत रविवारभर अंगणात मान वर करून बसायचं, हा त्याचा धर्म. अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यात एका रविवारी त्याचं सगळ्यांत लाडकं कबूतर आलंच नाही. दिवस मावळला तसा जेरोम शिव्या घालत आत गेला. इर्मा मात्र अंगणात थांबली. आकाश अजून निळं होतं. तेवढ्यात कारखान्याच्या धुराड्यामागून एक चांदणी चालत वर आली. लखकन चमकली, विझली. चार सेकंदांनी पुन्हा चमकली, पुन्हा विझली. अशी उघडझाप करत ती चर्चच्या मनोऱ्यावरून निघून गेली.

"आलं का गं?" आतून जेरोम ओरडला.

"कबूतर नाही. दुसरंच काहीतरी गेलं."

"काय?"

"ते मला काय ठाऊक? मास्तरांना विचारते."

गावात कुणाला काही अडलं की मास्तरांना विचारायचं, ही रीतच होती. नॉर्बर्ट देव्होल्डर मास्तरांनी मुलांच्या शाळेत चाळीस वर्षं काढली. जेरोमसुद्धा त्यांच्याच हाताखालून गेलेला. निवृत्त झाल्यावर मास्तरांनी आकाशातल्या उपग्रहांवर नजर ठेवणारं मंडळ काढलं होतं. दहा-बारा माणसं, कालव्याच्या बांधावर संध्याकाळी जमायची. काम म्हटलं तर सोपं. रॉकेट आपलं ओझं वर सोडून देतं आणि रिकामं, मेलेलं, कोलांट्या खात पृथ्वीभोवती फिरत राहतं. ऊन त्याच्या अंगावर पडतं तसं ते चमकतं आणि मालवतं. दोन चमकांमध्ये किती वेळ जातो ते मोजायचं. महिन्या-महिन्याने ते अंतर बदलतं, आणि त्यावरून रॉकेट मंदावतंय की एकाएकी वेग घेतंय हे कळतं. याला दुर्बीण लागते साधी, एक स्टॉपवॉच लागतं, आणि नजर लागते.

मास्तरांनी त्याच आठवड्यात तिला बांधावर बोलावलं. स्टॉपवॉच हातात दिलं. शाळेत सांगायचे तशा आवाजात सांगितलं, "पहिली चमक दिसली की बटण दाबायचं आणि म्हणायचं, एक. मग मोजत जायचं. शेवटच्या चमकेला बटण पुन्हा दाबायचं. जेवढे सेकंद झाले त्याला आकड्याने भागायचं. कळलं, इर्मा?"

"कळलं, मास्तर."

"नीट म्हणून दाखव."

सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने मुकाट्याने म्हणून दाखवलं.

त्यानंतर अकरा वर्षं ती मोजत राहिली. आभाळ स्वच्छ असलं की स्वयंपाकघरातला दिवा मालवून ती अंगणात. पश्चिम फ्लांडर्समध्ये आभाळ स्वच्छ म्हणजे काय चेष्टा आहे? आठवड्यातून दोन संध्याकाळी मिळाल्या तरी नशीब. तरीही वर्षाला पावणेदोनशे नोंदी व्हायच्या. रॉकेटांना मंडळात नुसते आकडे असत, इर्माने आपली नावं ठेवली होती. एक चमक ठळक आणि एक फिकी टाकणारी ती लंगडी. बराच वेळ अंधारात राहून एकदम डोळे दिपवणारा तो पाद्री. दर सोमवारी कामाला जाताना ती मास्तरांच्या नावाचं कार्ड टपालपेटीत टाकायची. तारीख, रॉकेट, एकूण सेकंद, चमकांचा आकडा आणि शेवटी भागाकार. वर्षाअखेरीस मंडळाच्या पत्रिकेत निरीक्षकांची यादी छापून यायची आणि इर्मा कालेन्स हे नाव कायम पहिल्या चारांत असायचं. ते पान ती कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. अशी अकरा पानं झाली होती.

आणि जानेवारीत मंडळाची वार्षिक सभा. स्टेशनसमोरच्या कॅफेच्या मागच्या खोलीत. त्या सभेला लुकन इर्माच्याच. नव्या वर्षाच्या त्या पातळ, कडक, लोण्यातल्या वाफल्या दोन पत्र्याचे डबे भरून ती आणायची, आणि मंडळी बिअरचा पहिला ग्लास संपायच्या आत एक डबा संपवायची.

एकोणनव्वदच्या सभेला रोलांड केस्टेलूट कागदांचा एवढा मोठा गठ्ठा घेऊन आला. हा टेलिफोन खात्यातला, चाळिशीचा, ब्रसेल्सहून बदलून आलेला. त्याने मंडळाच्या साऱ्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या. प्रत्येक ओळीत शेवटी निरीक्षकाची आद्याक्षरं. सगळे त्या कागदांवर वाकून आपापली नावं शोधू लागले. इर्मानेही शोधलं. लंगडीच्या पानावर शोधलं, पाद्रीच्या पानावर शोधलं. मग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत गेली. इ. का. कुठेच नाही. अकरा वर्षांत एक ओळ नाही.

"रोलांड," ती म्हणाली, "माझी कार्डं चढवायची राहिलीत का?"

रोलांडचे कान लाल झाले. "मला मास्तरांनी जेवढी दिली तेवढी मी चढवली, मादाम."

"माझी दिली नाहीत?"

"ती... म्हणजे ती वेगळी ठेवलीत, असं काहीतरी म्हणाले."

खोलीत एकदम सगळ्यांना बिअरची तहान लागली. एकाने तर डब्यातली लुकन उचललेली हळूच परत ठेवली. इर्माने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं, की हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक तीच काय ती शहाणी, जिला ठाऊक नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कोट चढवला, डबे तिथेच सोडले आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांच्या दारात उभी होती. मास्तरांनी आढेवेढे घेतले नाहीत, एवढं मात्र कबूल करायला हवं. त्यांनी माडीवरून बुटाचे तीन खोके आणले. तिची कार्डं, तारखेनुसार, नीट दोऱ्याने बांधलेली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'कच्चे'.

"तुझे आकडे जुळत नाहीत, इर्मा," मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले. "आज एक, उद्या दुसराच. आम्ही चौघं चार पॉइंट वीस म्हणतो तेव्हा तू एकदा चार म्हणतेस, एकदा तीन पॉइंट पंच्याऐंशी. असा आकडा मी हिशेबात कसा धरू?"

"मग सांगितलं का नाही?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"अकरा वर्षं?"

"तू एवढ्या हौसेने करत होतीस. आणि मंडळाला तुझा किती आधार, सभेच्या वेळी..."

"लुकनचा आधार," इर्मा म्हणाली. "स्पष्ट बोला ना, मास्तर. माझ्या लुकन पोटात आणि माझी कार्डं बुटाच्या खोक्यात."

तिने तिन्ही खोके काखोटीला मारले. मास्तर म्हणाले, ते मंडळाचे आहेत. ती म्हणाली, अडवून दाखवा. मास्तर चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, त्यांनी अडवलं नाही.

घरी जेरोमने ते 'कच्चे' वाचलं आणि तो कितीतरी वेळ नुसता हसत बसला. चांगलं हसू नव्हतं ते.

"मलाही हेच," तो म्हणाला. "प्रगतिपुस्तकावर. ह्याच लाल पेन्सिलीने. हिशेबात कच्चा. बापाने ते वाचून मला शाळेतून काढला आणि बुटाच्या कारखान्यात घातला."

"तू? तू तर कबुतराचा मिनिटाचा वेग तोंडी काढतोस."

"ते मास्तरला कुठे माहीत आहे?"

इर्माला वाटलं होतं आपण रडू. रडू काही आलं नाही. तिला फक्त एवढंच हवं होतं, की आपली नजर खोटी की खरी याचा एकदा निकाल लागावा. खोटी असेल तर ती खोके कालव्यात बुडवायला तयार होती. पण एकोणतीस वर्षं झुपके पकडणारी नजर संध्याकाळी अंगणात गेल्यावर आंधळी कशी होते, हे तिला कुणीतरी समजावून द्यावं.

तिने रोलांडलाच बोलावलं. फेब्रुवारीतली कोरडी संध्याकाळ होती, लंगडी यायची वेळ झाली होती. दोघं अंगणात शेजारी उभे राहिले, दोघांच्या हातात स्टॉपवॉच. ठरलं असं, की दोघांनी मोठ्याने मोजायचं. लंगडी छपरावर आली. चमकली. दोन बटणं एकाच क्षणी वाजली, टक्.

"एक," इर्मा म्हणाली.

"शून्य," रोलांड म्हणाला.

इर्माने ते ऐकलं, पण मोजणं सोडलं नाही. ती दोन म्हणाली तेव्हा तो एक म्हणत होता. ती एकवीसवर थांबली तेव्हा तो विसावर. दोघांच्या घड्याळात चौऱ्याऐंशी सेकंद.

"तुम्ही शून्य का म्हणालात?"

"अहो, पहिल्या चमकेला अजून काही झालेलंच नसतं ना," रोलांड म्हणाला. "तिथून तर मोजायला सुरुवात. दोन चमका म्हणजे मधलं अंतर एकच. ब्रसेल्सच्या मंडळात पहिल्या दिवशी हेच घोकून घेतात. तुम्ही एक म्हणता? नेहमी?"

"नेहमी."

"आणि मग त्या आकड्यातून एक वजा करता ना?"

इर्मा तडक आत गेली, खोक्यांची दोरी तोडली आणि जेरोमच्या पुढ्यात कार्डं ओतली. "भाग," ती म्हणाली. "चौऱ्याऐंशी भागिले वीस."

"चार पॉइंट वीस."

"हे बघ, लंगडीचंच, डिसेंबरातलं. शेहेचाळीस पॉइंट दोन. मी बारा लिहिलेत. तू अकराने भाग."

"चार पॉइंट वीस," जेरोम क्षणभर डोळे मिटून म्हणाला.

"एकशेतीस पॉइंट दोन. एकतीसने."

"चार पॉइंट वीस. च्यायला, इर्मा."

दारात उभ्या रोलांडने टोपी काढून हातात घेतली. थोड्या चमका मोजल्या त्या संध्याकाळी चूक मोठी, पुष्कळ मोजल्या तेव्हा लहान. म्हणून तिचा आकडा रोज वेगळा दिसायचा, आणि म्हणून सगळ्यांनी बाईचा हात कापतो असं धरून ठेवलं. सेकंद बरोबर होते, चमका बरोबर होत्या, कार्डावर दोन्ही लिहिलेले होते. कुणी एकाने अकरा वर्षांत एकदा शेवटचा रकाना सोडून त्याच्या अलीकडचे दोन वाचले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

"आम्ही बाकीचे ब्रसेल्सला शिकून आलेले. पण मास्तर स्वतः एकपासूनच मोजतात, मी ऐकलंय," रोलांड म्हणाला. "मग त्यांचे आकडे बरोबर कसे?"

ते इर्मालाच सुचलं. मास्तर कार्डावर लिहिताना एक कमी करून लिहीत असणार. वर्षानुवर्षांच्या सवयीने, नकळत. स्वतः करत आले ते सांगायचं विसरले आणि ज्यांना सांगितलं नाही त्यांना कच्चे म्हणून मोकळे झाले.

पाच आठवडे कालेन्सच्या घरात कबुतरांकडे कुणी नीट बघितलं नाही. इर्मा वाचायची, जेरोम भागायचा. एक हजार नऊशे बारा कार्डं. तळाशी, तिसऱ्या खोक्यात, आणखी एक जुडगा निघाला. तो तिचा नव्हता. सहा निराळी हस्ताक्षरं, सहा नावं. मास्तरांकडे शिकायला आलेली आणि वर्षा-दोन वर्षांत गळून गेलेली माणसं. सगळ्यांवर लाल पेन्सिल. त्यांतल्या एकाच्या कार्डांना मास्तरांच्या पत्राची नक्कल टाचलेली होती, आखिल बोन्तेच्या नावाची.

आखिल म्हणजे चर्चच्या कोपऱ्यावरचा सायकलवाला. शर्यतीच्या सायकलींची चाकं सरळ करावीत तर आखिलने, असा त्याचा लौकिक होता. पत्रात लिहिलं होतं: 'आपले आकडे स्थिर नाहीत. या वयात डोळा आणि बोट यांचा मेळ राहत नाही, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मनाला लावून घेऊ नये.' ब्याऐंशी सालचं पत्र. त्याच वर्षी आखिलने दुकान पुतण्याला दिलं होतं. डोळ्यांचा भरवसा राहिला नाही, ब्रेक चुकीचा बसवला तर एखादा पोरगा उतारावर मरायचा, असं त्याने गावाला सांगितलं होतं. गावाने मान डोलावली होती. आता तो नन्सच्या वृद्धाश्रमात खिडकीशी बसून असायचा.

इर्माने त्याची कार्डं काढली, एक वजा केला आणि जेरोमला आकडे दिले. सगळे जागेवर बसले. एकसुद्धा इकडचा तिकडे नाही. त्या रात्री मात्र तिला रडू आलं, आणि रडता रडता ती मास्तरांना ज्या शिव्या देत होती त्या इथे लिहिता येण्यासारख्या नाहीत.

तिने सारं टाइप करून मास्तरांकडे धाडलं. आठवड्याने पत्रिकेचा कच्चा मसुदा आला. पत्रिकेचे संपादक मास्तरच; त्यांनी सगळ्या नोंदी घेतल्या होत्या, अगदी उदार मनाने. वर एक टीप होती: 'निरीक्षकाच्या मोजणीतील चूक संपादकाने दुरुस्त केली आहे.'

इर्मा ती टीप घेऊनच त्यांच्या घरी गेली.

"निरीक्षकाची चूक?"

"मग कुणाची?" मास्तर खरोखरच गोंधळले. "एक वजा करायचं तुझ्याकडून राहिलं."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"हे बघ, मी चाळीस वर्षं शिकवलंय. मी सांगितलं नसेल असं होणारच नाही. तू विसरलीस."

"आणि आखिल? तो पण विसरला? आणि बाकीचे पाच? सातच्या सात जण तेवढीच एक गोष्ट विसरले?"

"इर्मा, आकडे दुरुस्त झाले. तुझं नाव छापून येतंय. एका ओळीने असं काय मोठं बिघडतं?"

"बिघडत नसेल तर बदला. संपादकाची चूक, असं लिहा."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "ते मी लिहिणार नाही," ते म्हणाले. "कारण ते खरं नाही."

ते खोटं बोलत नव्हते, हीच खरी चीड आणणारी गोष्ट. त्या माणसाची मनोमन खात्री होती. वाद घालून ती हलली नसती, हे इर्माने ओळखलं. तिने आवाज खाली आणला. मार्चच्या बैठकीला एक नवा माणूस आणते, म्हणाली. शिकायचं म्हणतोय. मास्तर खूश झाले. बाई ताळ्यावर आली असं त्यांना वाटलं असावं.

बैठकीला ती आली ती जेरोमला घेऊन. रविवारचा कोट घालून जेरोम मास्तरांच्या समोरच्या खुर्चीवर बसला.

"मास्तर, मी हिशेबात कच्चा," तो म्हणाला. "पुन्हा एकदा शिकवून बघा."

मंडळी हसली. मास्तरही हसले. रोलांडने टेबलावर सायकलचा दिवा ठेवला आणि तो थांबून थांबून पेटवायचा, विझवायचा असं ठरलं. मास्तरांनी जेरोमच्या हातात स्टॉपवॉच दिलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांचा आवाज शाळेतला झाला.

"पहिली चमक दिसली की बटण दाबायचं आणि म्हणायचं, एक. मग मोजत जायचं. शेवटच्या चमकेला बटण पुन्हा दाबायचं. जेवढे सेकंद झाले त्याला आकड्याने भागायचं. कळलं, जेरोम?"

"संपलं?" जेरोमने विचारलं.

"संपलं. एवढंच."

"आणखी काही करायचं नाही ना, मास्तर? काही वजा-बिजा?"

मास्तरांनी रोलांडकडे पाहिलं, मग दिव्याकडे, मग भिंतीलगत कोट न काढता उभ्या असलेल्या इर्माकडे. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत गेला तो सगळ्यांनी पाहिला. इर्मालाही तो दिसला आणि तिला दया आली नाही. लोक म्हणतात यायला हवी होती. लोकांची कार्डं खोक्यात नव्हती.

"मसुदा माझ्याकडे आहे," ती म्हणाली. तो तिने टेबलावर ठेवला, आणि वर स्वतःचं पेन. "लिहा, मास्तर."

मास्तरांनी बसून लिहिलं. ती टीप खोडली आणि खाली, त्यांच्या त्या सुरेख अक्षरात, लिहिलं: 'या सात निरीक्षकांच्या नजरेत कोणताही दोष नव्हता. चूक शिकवणाऱ्याची, म्हणजे माझी आहे.' सही केली. इर्माने ओळ वाचली, शाई वाळेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "छापून आलं की एक प्रत मला जास्तीची द्या."

एप्रिलमध्ये पत्रिका आली. त्याच दुपारी ती वृद्धाश्रमात गेली. आखिल बोन्ते खिडकीशी बसला होता, खाली रस्त्यावरून एक पोरगा सायकलवर चालला होता.

"मागचं चाक वाकडं आहे त्याचं," आखिल तिच्याकडे न बघताच म्हणाला. "ऐकतंय कोण. ये, बस पोरी."

इर्मा बसली नाही. दुसऱ्या मजल्यावरून ह्या माणसाला चाक वाकडं दिसतं. तिने पिशवीतून पत्रिका बाहेर काढली.

"आखिल, तुमचे डोळे कुणी तपासले होते? ब्याऐंशी साली?"

"तपासायचे काय त्यात? मास्तरांनी लिहून कळवलं होतं. मोठ्या चांगल्या शब्दांत कळवलं होतं हो."

तिने पत्रिका त्याच्यापुढे धरली आणि ओळीवर बोट ठेवलं. म्हाताऱ्याने चष्मा शोधला नाही, त्याच्याजवळ चष्मा नव्हताच. त्याने हात लांब करून ती ओळ वाचली. खालची सात नावं वाचली, त्यांतलं आपलं वाचलं. मग पुन्हा वरची ओळ. खालच्या रस्त्यावर तो पोरगा दिसेनासा झाला तरी आखिल वाचतच होता.

"सात वर्षं," तो म्हणाला. "सात वर्षं मी स्पोकला हात लावला नाही."

"माहीत आहे."

"पुतण्या चाकं वाकडी लावतो, ते मला इथून दिसायचं. मला वाटायचं, माझेच डोळे वाकडे." त्याने पत्रिकेची नीट घडी घातली आणि ती खिशात कोंबली. खुर्चीचे हात धरून तो उठला. इर्माने त्याला आधार द्यायला हात पुढे केला, तो त्याने झटकला.

"मास्तर जिवंत आहे ना?"

"आहे. घरीच असतो दुपारचा."

"माझा कोट दे."

दारामागच्या खुंटीवर कोट होता. इर्माने तो काढला, झटकला आणि त्याला हात घालता यावेत असा धरून उभी राहिली.